वाटेवरचे दर्शन
(मासवण, ता. पालघर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता मासवणवरून जातो. मनोरला तो महामार्गाला मिळतो आणि तिथून उत्तरेकडे गेले की चारोटीच्या पुढे विवळवेढ्याची महालक्ष्मी लागते. चैत्री पौर्णिमा जवळ आली की या रस्त्याला वेगळीच जाग येते. एसटीच्या गाड्या, टेम्पो, खासगी वाहने आणि त्यांच्या कडेकडेने चालणारी माणसे या सर्वांची दिशा एकच असते. पंधरा दिवस चालणारी ही यात्रा उत्तर कोकणातील आणि शेजारच्या गुजरातमधील भाविकांची आहे. सूर्या नदीकाठच्या या गावात यात्रेचा विषय निघावा, यात औचित्य आहे.

यात्रा हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. अमुक ठिकाणी गेलो, रांगेत उभे राहिलो, दर्शन झाले, प्रसाद घेतला आणि परतलो, एवढ्यात यात्रा संपते असे समजले जाते. पण आपल्या धर्मग्रंथांनी, इतिहासाने आणि साहित्याने यात्रेचा विचार एवढाच केलेला नाही. देवळाइतकाच त्यांनी वाटेचा विचार केला आहे. या वाटेवर कोण चालू शकतो, चालणाऱ्याची काळजी कोण घेतो आणि चालताना त्याला कोण दिसते, हे तीन प्रश्न त्यांनी महत्त्वाचे मानले. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बरीचशी याच परिसरात सापडतात.

प्रारंभ महाभारतापासून करू. वनपर्वात तीर्थयात्रापर्व नावाचे एक मोठे प्रकरण आहे. राज्य गेलेले, वनात राहणारे पांडव तीर्थयात्रेला निघतात. त्या यात्रेत ते शूर्पारकाला येतात आणि पुढे प्रभासाला जातात. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारे. तीर्थांचे माहात्म्य सांगताना तिथे एक विलक्षण विचार मांडला आहे. यज्ञाला द्रव्य लागते, सामग्री लागते, ऋत्विज लागतात; म्हणून यज्ञ राजांना आणि धनिकांना शक्य होतो. दरिद्री माणसाने काय करावे? त्याने तीर्थयात्रा करावी; तिचे पुण्य यज्ञापेक्षाही मोठे आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. तीर्थयात्रेचे सविस्तर विवेचन त्याच खंडात आहे आणि तिथे या विचाराची दखल घेतलेली आहे. ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, अशी अटही तिथे आहे. म्हणजे यात्रेची पात्रता पैशावर ठरत नाही, ती आचरणावर ठरते. यात्रा हा गरिबाचा यज्ञ आहे, हे सूत्र आपल्या परंपरेने इतक्या जुन्या काळी मांडून ठेवले.

त्याच सोपाऱ्यात दुसरा पुरावा मिळाला आणि तो दगडावर कोरलेला आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारे येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच सुमारास त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा तेथे सापडला. पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचाही भाग मिळाला. अशोकाचे शिलालेख देशभर आहेत. त्यांतला नेमका आठवा लेख या जिल्ह्यात सापडावा, हा योग अर्थपूर्ण आहे, कारण त्या लेखाचा विषयच यात्रा आहे.

त्या लेखाचा आशय असा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. तिथे मृगया आणि तशाच इतर करमणुकी चालत. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. धर्मयात्रेत काय होते तेही लेखात सांगितले आहे. श्रमण आणि ब्राह्मण यांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांचे दर्शन व त्यांना द्रव्यसाह्य, आणि जनपदातील लोकांचे दर्शन, त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे व विचारपूस करणे. या यादीतील अखेरची बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. दर्शन हा शब्द आपण देवासाठी राखून ठेवतो. शिलालेखात तो खेड्यापाड्यांत राहणाऱ्या सामान्य माणसांसाठी वापरला आहे. राजाने आपल्या प्रजेचे दर्शन घ्यायचे आहे. विहारयात्रा आणि धर्मयात्रा यांतला फरक यातच आहे. दोन्हींत माणूस घराबाहेर पडतो, दोन्हींत प्रवास करतो. एकीत तो स्वतःची करमणूक करून घेतो आणि दुसरीत वाटेवरची माणसे पाहतो.

आता तिसरा पुरावा. तो नाशिकच्या पांडवलेण्यांत असला तरी त्याचा संबंध थेट डहाणूशी आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई ऋषभदत्त, लेखातील उच्चाराप्रमाणे उषवदात, याचा शिलालेख तेथील दहाव्या लेण्यात आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला हा लेख. वंशाने शक असलेला हा पुरुष स्वतः पुष्करला स्नानासाठी जातो, तिथे गोदान करतो, देवब्राह्मणांना दाने देतो आणि बौद्ध भिक्षुसंघासाठी लेणेही कोरवतो. त्याच्या दानांच्या लांबलचक यादीत एका दानाची नोंद अशी आहे की त्याने इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर लोकांना विनामूल्य पलीकडे नेणाऱ्या नावा ठेवल्या. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने विश्रामासाठी सभा आणि पाण्यासाठी प्रपा, म्हणजे पाणपोया बांधल्या. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी धर्मशाळा, विहिरी, तळी आणि बागा करून दिल्या.

पारदा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. कोकणातून गुजरातेत जाणाऱ्या वाटसरूला या नद्या आडव्या येतात. पावसाळ्यानंतर पाणी भरलेले असताना पैसा नसलेला माणूस काठावरच अडत असणार. त्याला पलीकडे नेणारी नाव हे दान ठरले. सुवर्णदान, गोदान, ग्रामदान यांच्या जोडीला नदीवरची नाव शिलालेखात कोरण्यायोग्य वाटली, यातून त्या काळची पुण्याची कल्पना कळते. गरिबाचा यज्ञ पूर्ण व्हायचा तर त्याला कुणीतरी नदी पार करून दिली पाहिजे, हे त्या दात्याला समजले होते.

ही वाट मोकळी राहिली नाही. मध्ययुगात यात्रेकरूंवर कर बसले. अकबराने १५६३ मध्ये यात्राकर माफ केला, पण पुढील काळात तो पुन्हा वसूल होऊ लागला. शाहजहानच्या कारकिर्दीत काशी आणि प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर उठवण्यासाठी कवींद्राचार्य सरस्वती या संन्याशाने बादशहाकडे रदबदली केली व ती यशस्वी झाली. कवींद्राचार्य मूळचे गोदातीरचे. देशभरातील पंडितांनी त्यांच्या गौरवार्थ पद्ये रचली आणि त्यांचा ‘कवीन्द्रचन्द्रोदय’ हा संग्रह सिद्ध झाला. एका विद्वानाचा एवढा गौरव झाला तो त्याच्या ग्रंथरचनेसाठी नव्हे, तर त्याने सामान्य यात्रेकरूच्या डोक्यावरचा भार उतरवला म्हणून. विशेष म्हणजे कंपनी सरकारलाही या उत्पन्नाचा मोह सुटला नाही. प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी येथील यात्राकर १८४० च्या कायद्याने रद्द झाला.

आपल्या परिसराने याहून कठीण काळ पाहिला. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि त्या राजवटीत देवळे व तीर्थे यांच्यावर संकट आले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. या मोहिमेतील नवसाच्या पूर्तीसाठी वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले. त्यानंतरच्या काळात अहल्यादेवी होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांची जी मालिका उभी केली, ती पाहिली की ऋषभदत्ताच्या नावांची आठवण होते. अहल्यादेवींनी मंदिरे बांधली हे सर्वांना ठाऊक असते. त्या मंदिरांपर्यंत पोचणाऱ्या पायांची चिंताही त्यांनी वाहिली, हे क्वचित सांगितले जाते.

मराठी साहित्याचा आरंभच मुळी वाटेवर झाला आहे. श्रीचक्रधरस्वामींचे अटन, त्यांची गावोगावची वस्ती यांच्या आठवणींतून लीळाचरित्र घडले. स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या स्थानांची नोंद करणारी स्थानपोथी अनुयायांनी सिद्ध केली. हेतू एवढाच की मागून येणाऱ्याला ती जागा सापडावी आणि त्याने तिथे नमस्कार करावा. ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या उत्तरयात्रेची कथा ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आली आहे. पंढरी सोडून जायला नामदेवांचे मन घेत नाही, तरी ते जातात. वाटेत मरुभूमीत तहान लागते आणि विहीर खोल असते. परंपरा सांगते की ज्ञानदेव योगबळाने आपल्यापुरते पाणी प्याले. नामदेवांनी धावा केला तेव्हा विहीरच भरून वाहू लागली आणि येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांची सोय झाली. पुढे नामदेवांनी पंजाबपर्यंत भक्तीचा प्रसार केला. घुमान येथे त्यांचे स्मारक आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. पंढरपूरच्या एका यात्रेकरूने सारा उत्तर भारत आपलासा केला.

आधुनिक काळात वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हे या परंपरेतले आगळे पुस्तक. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून हा भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि थेट स्वातंत्र्ययुद्धाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. मिळालेले धन लुटले गेले. शेवटी तो घरी आला तो गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. १८८३ मध्ये लिहिलेली ही हकीकत १९०७ मध्ये भारताचार्य चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केली. द्रव्यासाठी निघालेला माणूस परतताना यात्रेकरू होऊन आला. राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीचे जे चित्र मराठी वाचकाला मिळाले, ते याच वाटसरूच्या डोळ्यांनी.

इथपर्यंत परकीयांनी घातलेले अडथळे आणि स्वकीयांनी केलेली सेवा यांचा विचार झाला. परंतु तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाट अडवण्याचे पाप आपल्याकडूनही घडले आहे. संत चोखामेळा पंढरपूरला आयुष्यभर गेले, पण देवळात जाऊ शकले नाहीत. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना १३३८ मध्ये ते गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. त्यानंतर सहा शतके लोटली तरी त्यांच्या बांधवांसाठी ते द्वार बंदच होते. ज्या यात्रेला गरिबाचा यज्ञ म्हटले, त्या यज्ञाच्या मंडपाचे दार यज्ञकर्त्याच्याच तोंडावर लावून घेतले गेले. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून जागृती केली आणि १ मे १९४७ पासून पंढरपूरला प्राणांतिक उपोषण मांडले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर सर्वांना खुले होण्याचा निर्णय झाल्यावर ते सुटले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा अवघे तीन महिने उरले होते.

दार उघडले तरी मने लगेच उघडत नाहीत. इरावती कर्वे आळंदीहून पंढरीपर्यंत दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. पंढरीची वारी हीच महाराष्ट्राची ओळख आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्या या विदुषीने त्याच लेखात हेही नोंदवले की दिवसभर एकत्र गाणारे, एकत्र चालणारे वारकरी जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगवेगळे बसत. त्यांना त्याचे अतीव दुःख झाले. वारीवर खरे प्रेम असल्याशिवाय असे दुःख होत नाही. दि. बा. मोकाशी यांनीही पालखीबरोबर चालून १९६४ मध्ये ‘पालखी’ हे पुस्तक लिहिले. या दोन्ही लेखकांनी देवळापेक्षा अधिक माणसे पाहिली आणि म्हणूनच त्यांचे लेखन टिकले.

या पार्श्वभूमीवर आपल्या महालक्ष्मीची कथा पुन्हा ऐकावी. देवीचे मूळ स्थान मुसळ्या डोंगरावर. परंपरेने सांगितले जाते की एक गर्भवती भक्त दर्शनासाठी डोंगर चढत होती. चढण तिला झेपेना, ती मूर्च्छित होऊन पडली. तेव्हा देवीने तिला सांगितले की तू आता वर येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते. म्हणून आज विवळवेढ्याला खाली मंदिर आहे. भक्त थकला तर देवाने उतरावे, हा या कथेचा आशय. पंढरीचा विठोबाही पुंडलिकाच्या दारी आला आणि विटेवर उभा राहिला. कारण पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. दोन्ही कथांत देव माणसाची अडचण समजून घेतो. गडावरच्या ध्वजाची परंपराही अशीच बोलकी आहे. ध्वजाचा मान जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा आणि तो रात्री डोंगरावर नेऊन लावण्याचा मान वाघाडीच्या मल्हार कोळी पुजाऱ्याचा. वारली, कोकणा, कोळी, कुणबी, शहरातले व्यापारी आणि गुजराती भाविक त्याच ध्वजाकडे पाहून हात जोडतात. इथे वनवासी बांधवाला देवीच्या दारात प्रवेशासाठी झगडावे लागले नाही. तो तिचा पुजारीच आहे. पंढरपूरच्या महाद्वाराला जे समजायला सहा शतके लागली, ते या डोंगराला आधीपासून ठाऊक होते.

मग आज उणीव कशात आहे? वाट मोकळी आहे, रस्ते रुंद झाले आहेत, वाहने आली आहेत. यात्रेकरूंची संख्या कित्येक पटींनी वाढली, पण यात्रेकरूची काळजी त्या प्रमाणात वाढली नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३०० माणसे मृत्यू पावली. त्या अरुंद, निसरड्या वाटेवर दुतर्फा दुकाने होती. देवदर्शनाला निघालेली माणसे घरी परतली नाहीत. अशा वेळी दैवाला बोल लावून चालत नाही. ऋषभदत्ताने नदीचा विचार केला होता. वाटेचा विचार न करणाऱ्यांना त्याचे वारस म्हणवून घेता येणार नाही. आशादायक उदाहरणेही आहेत. पंढरीच्या पालखी मार्गावर २०१५ पासून ‘निर्मल वारी’च्या रूपाने फिरती शौचालये उभी राहू लागली. वारीतल्या माउलींना पहाटेच्या काळोखात आडोसा शोधत जावे लागे, ही गोष्ट शतकानुशतके सर्वांना दिसत होती. तिच्यावर उपाय शोधणे हीही नदीवर नाव ठेवण्यासारखीच सेवा आहे.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. यात्रा पुन्हा विहारयात्रा होऊ लागली आहे. गाडीच्या काचा वर असतात, गाणी लागलेली असतात, थांबा फक्त ढाब्यावर. देवीचे दर्शन होते, पण वाटेवरचा एकही पाडा दिसत नाही. मासवणला या गोष्टीचा फार जवळचा संदर्भ आहे. सूर्या नदी जव्हारच्या बाजूच्या डोंगरांतून येते. धामणीच्या धरणात ती अडवली आहे आणि मासवणच्या उदंचन केंद्रातून तिचे पाणी वसई-विरारच्या लाखो घरांत पोचते. चैत्रात महालक्ष्मीला येणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी सकाळी जे पाणी पिऊन घर सोडलेले असते, ते सूर्येचेच असते. गोडसे भटजींनी गंगेची कावड खांद्यावरून कोकणात आणली. सूर्येची कावड रोज न सांगता शहरांच्या दारात जाते. आणि त्याच चैत्र-वैशाखात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरच्या माउल्या डोक्यावर हंडे घेऊन आटलेल्या विहिरीकडे चालत असतात. त्यांची ती रोजची पायपीट कुणी यात्रा म्हणत नाही.

महालक्ष्मीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या वर्षी एक संकल्प करावा. जाताना किंवा येताना वाटेवरच्या एका पाड्यावर थांबावे. दान देण्याच्या आविर्भावात नव्हे, पाहुण्यासारखे बसावे. मुलांना तिथल्या मुलांशी बोलू द्यावे. त्या पाड्याची विहीर कुठे आहे, शाळा कुठे आहे, पावसाळ्यात ओढा कसा ओलांडतात हे विचारावे. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पाड्यावर जावे. ज्यांच्या हाताशी थोडा पैसा किंवा कसब आहे, त्यांनी त्या ओढ्यावर साकव, त्या विहिरीवर रहाट किंवा वाटेवर एक पाणपोई होईल का, याचा गावकऱ्यांबरोबर बसून विचार करावा. नदीकाठी प्लास्टिक टाकू नये, हे सांगण्याची गरज पडू नये.

सोपाऱ्याच्या त्या शिळेवरील अक्षरांना बावीस शतकांहून अधिक काळ लोटला आहे. जनपदातील लोकांचे दर्शन घ्यावे आणि त्यांची विचारपूस करावी, एवढेच ती सांगते. चैत्री पौर्णिमेच्या रात्री डोंगरावर ध्वज लागेल, तेव्हा खाली हजारो माणसे हात जोडून उभी असतील. त्या गर्दीत आपल्या शेजारी कोण उभा आहे, तो कोणत्या पाड्यावरून आला आणि त्याच्या घरी पाणी आहे की नाही, हे ज्याला ठाऊक असेल, त्याची यात्रा पूर्ण झाली असे समजावे.